पार्ककाकांच्या गावचा क्लब

आधी माफी मागतो. मंडळाच्या पाडव्याच्या अंकात दरवर्षी ज्यांचे लेख येतात त्यांच्यात कुणी डॉक्टर असतात, कुणी निवृत्त इंजिनियर. त्यांनी आयुष्य पाहिलेलं असतं. माझं मराठी सहावीत कोल्हापूरला सुटलं. त्यानंतर ते घरी बोलण्यापुरतं आणि मंडळाच्या कपाटातून आणलेल्या पुस्तकांपुरतं उरलं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे लेख कसा लिहितात हे विचारायलाही घरात कुणी नव्हतं. आई म्हणाली, "पत्र लिहितोस तसं लिही." मी आजवर कुणाला पत्र लिहिलेलं नाही.

त्यात विषय असा, की लिहायचा अधिकार मला मुळीच नाही. कोरियातला एक फुटबॉल क्लब. मी कोरियाला गेलेलो नाही, मला कोरियन येत नाही आणि फुटबॉल तर शाळेतही बेंचवर बसूनच खेळलो. संपादक काकूंना फोनवर विषय सांगितला तेव्हा त्यांनी तो दोनदा विचारून घेतला. मग म्हणाल्या, "बरं. पण त्यात आपलं काही येईल ना रे?"

येईल, असं मी म्हणून बसलो आहे.

आत्ता फेब्रुवारी संपत आलाय. इथं अमेरिकेत, आमच्या बॉथेलमध्ये पाऊस आहेच, तो काही गेला नव्हता. पण पार्किंग लॉटच्या कडेची झाडं अचानक गुलाबी झाली आहेत आणि भिजलेल्या पाकळ्या गाड्यांच्या काचांना चिकटून बसतात. असं झालं की पार्ककाका दुकानातला टीव्ही पुसतात. भिंतीवर उंच लावलेला तो छोटा टीव्ही हिवाळाभर बंद असतो. ते स्टुलावर चढतात, आधी ओल्या फडक्यानं, मग कोरड्या फडक्यानं काच पुसतात आणि खाली उतरून लांबून बघतात. परवा तसंच केलं त्यांनी. तो फडका बघून मला मागचा सगळा मोसम आठवला, आणि आठवला म्हणून हे लिहितोय.

पार्ककाकांचं ड्राय क्लीनिंगचं दुकान आहे. आई तिथं अल्टरेशन करते, म्हणजे पँटी आखूड करणं, ब्लेझर आत घेणं, झिपा बदलणं. तिची मशीन खिडकीशी आहे. आत्यानं स्पॉन्सर केलं, बरीच वर्षं वाट बघून आम्ही इथं आलो, आणि आईला पहिलं काम मिळालं ते इथं. मग हळूहळू आपल्या बायकांना तिचा पत्ता लागला. आता रेडमंडहूनसुद्धा काकू आणि मावश्या ब्लाउज घेऊन येतात. कोरियन माणसाच्या दुकानात "बाही जरा सैल कर गं" ऐकू येतं आणि पार्ककाका काउंटरवरून पावती फाडत गंभीरपणे म्हणतात, "फॉल-पिको, ट्यूसडे."

मी त्यांना पार्ककाका म्हणतो कारण मोठ्या माणसाला काका म्हणायचं हे मला शिकवलेलं आहे. आई पार्कसाहेब म्हणते. बाबा पहिल्या दिवसापासून पार्कदादा म्हणतात. एकदा पार्ककाकांनी या तिन्हींचा अर्थ विचारला. मी सांगितला. ते म्हणाले, "म्हणजे तुझ्या घरात मी तीन वेगळी माणसं आहे." मग थोड्या वेळानं शर्ट प्रेसवर ठेवता ठेवता म्हणाले, "दादा छान आहे. खूप दिवसांत कुणी म्हटलं नव्हतं." तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

त्यांच्या गावच्या टीमची मॅच तिथं शनिवारी दुपारी असते, म्हणजे आपल्याकडे शुक्रवारी रात्री. रात्री ते झोपतात. शनिवारी सकाळी दुकान उघडलं की रेकॉर्डिंग बघतात, वाफेच्या प्रेसशी उभे राहून, शर्ट करता करता. तोवर निकाल कळता कामा नये, हा दुकानाचा नियम. ठरलेली गिऱ्हाइकं दारातूनच दोन्ही हात वर करून आत येतात, "आय नो नथिंग, मिस्टर पार्क!" रेकॉर्डिंग लावायचं काम माझं होतं. शनिवारी आईला पोहोचवायचं आणि तिथंच टेबलाशी बसून अभ्यास करायचा असा माझा क्रम. फोनवरून मॅच टीव्हीवर टाकताना पडद्यावर बातम्यांचे मथळे येतात, तेव्हा मी स्टुलावर चढून तिथं हात धरायचो. मला कोरियन वाचता येत नाही, पण आकडे सगळ्यांनाच वाचता येतात.

टीमचा रंग हळदीचा. अगदी ओल्या हळदीचा, लिंबाचा नाही. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आमच्या पेठेतल्या जत्रेची आठवण झाली आणि विचारलं, "हा कुठला क्लब?"

"कुठला ते सांगायला वेळ लागेल," पार्ककाका म्हणाले. "शर्ट झाले की सांगतो."

शर्ट कधी पूर्ण होत नाहीत. म्हणून इतिहास मला तुकड्यातुकड्यांनी मिळाला, मध्ये मध्ये वाफेचा फुस्स आवाज येऊन.

पहिला तुकडा असा. त्यांच्या गावात कापडाच्या गिरण्या होत्या. ज्या कंपनीच्या गिरण्या तिनंच फुटबॉलची टीम काढली. देशात व्यावसायिक लीग नवी होती, मोठ्या कंपन्यांनी टीम पाळायच्या असा तो काळ होता. टीमला आधी गावाचं नावच नव्हतं, कंपनीचं होतं. खेळाडू कंपनीच्या वसतिगृहात राहायचे, कंपनीच्या खानावळीत जेवायचे. पार्ककाका विणकाम खात्यात होते. जेवणाच्या रांगेत त्यांच्या पुढं सेंटर फॉरवर्ड उभा असायचा. "त्याला दोनदा भात वाढायचे," ते म्हणाले. "आम्ही काही म्हणायचो नाही. तो आमच्यासाठीच जेवतोय असं वाटायचं."

मला हे फार आवडलं. आमच्यासाठी जेवणारा माणूस.

मग लीगनं ठरवलं की प्रत्येक टीमला गाव असलं पाहिजे, आणि नावात गावाचं नाव जोडलं गेलं. नुसतं एक नाव जोडलं. पण पार्ककाका म्हणतात, त्या वर्षापासून गिरणीत काम न करणारे लोकही मैदानात यायला लागले. भाजीवाल्या, शाळामास्तर, न्हावी. सिमेंटच्या पायऱ्या गार असायच्या म्हणून बायका घरून उशा आणायच्या. सुकवलेला माखली मासा शेगडीवर भाजल्याचा वास, संत्र्यांच्या साली, थर्मासमधला बार्लीचा चहा. एका वर्षी टीम लीग जिंकली. खेळाडूंना उघड्या ट्रकमधून गिरणीच्या रस्त्यावरून नेलं आणि वरच्या खिडक्यांतून मुलींनी सुताच्या उरलेल्या लडी फेकल्या. पिवळ्या लडी कितीतरी दिवस विजेच्या तारांवर लोंबत होत्या.

त्या दिवशी टीमची बस ट्रकच्या मागून रिकामीच चालली होती. ती बस चालवणारा मुलगा हॉर्न वाजवत होता आणि रडत होता. तो पार्ककाकांचा धाकटा भाऊ.

कॉलेजात आम्हाला इतिहासाच्या वर्गात वर्षभरात एका संस्थेचा इतिहास लिहायचा होता. बहुतेकांनी आपलं चर्च, आजोबांची शाळा असं काही घेतलं. मी हा क्लब घेतला, घाबरत घाबरत. प्रोफेसरबाईंनी माझ्या आराखड्याच्या कडेला लिहिलं, "पण 'तीच' संस्था म्हणजे काय? माणसं, नाव, जागा, की मालक?" हा प्रश्न त्यांनी सहज लिहिला असेल. मी तो मोसमभर घेऊन फिरलो.

आत्याच्या यजमानांना मी हे सांगितलं. त्यांना मी काकाच म्हणतो. ते रेडमंडला सॉफ्टवेअरमध्ये आहेत आणि माझ्यासाठी फार करतात, कॉलेजचे फॉर्म त्यांनीच शिकवले. ते म्हणाले, "ओंकार, चांगलंय, पण रेझ्युमेवर काय लिहिणार बाळा? कोरियन फुटबॉल एक्स्पर्ट?" आत्याची मुलगी सोफ्यावरून म्हणाली, "इट्स सो रँडम, यार. आय लव्ह इट." मला दोघांचंही पटलं.

दुसरा तुकडा मिळायला एप्रिल उजाडला. गिरण्या बंद पडत गेल्या. कंपनी मोठी होत गेली, पण कापडात नाही, दुसऱ्याच कशात. दूरच्या एका मोठ्या शहरात जागतिक स्पर्धेसाठी बांधलेलं नवं स्टेडियम रिकामं पडलं होतं. हिवाळ्यात, मोसम नसताना, एका सकाळी बातमी आली की टीम त्या शहरात जाणार. फक्त नावातलं गाव बदलणार. खेळाडू तेच, कोच तोच, जिंकलेला कपसुद्धा तोच. तो कपाटातून काढून खोक्यात भरलेला होता.

लोक मैदानाच्या फाटकाशी जमले आणि जमिनीवर बसले. बर्फ पडून गेलं होतं. बायकांनी उशा आणल्या होत्या, मॅचला आणायच्या त्याच. पार्ककाका पहिल्या रांगेत होते. आतून टीमची बस आली, इंजिन सुरू ठेवून बराच वेळ उभी राहिली. मग पोलिसांनी लोकांना एकेक करून उचलून बाजूला ठेवलं आणि बस हळूहळू बाहेर निघाली.

"मी बसवर हात मारला," पार्ककाकांनी मला सांगितलं. तळवा उघडून दाखवला. "पत्र्यावर. जोरात. त्यानं आरशात पाहिलं. थांबला नाही."

पुढच्या वर्षी ते अमेरिकेला आले. भावाशी त्यानंतर बोलले नाहीत. आणि त्या दुसऱ्या टीमचं नाव त्यांच्या दुकानात घ्यायचं नाही, हा दुसरा नियम. तिचा निकाल नाही, तिचा रंग नाही, काही नाही. मॅचच्या मध्यंतरात इतर लढतींचे आकडे दाखवायला लागले की ते पाठ फिरवून हँगर मोजायचे.

बाबांना मी हे सगळं गाडीत सांगितलं. बाबा एका इंडियन ग्रोसरीची व्हॅन चालवतात, कर्कलंडपासून एव्हरेटपर्यंत दुकानांत आणि रेस्टॉरंटात माल टाकतात. कोल्हापुरात ते आमच्या पेठेच्या तालमीच्या टीममध्ये गोलकीपर होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, की कोल्हापुरात तालीम म्हणजे नुसता आखाडा नाही. पेठेची तालीम असते, तालमीची फुटबॉल टीम असते, आणि दोन पेठांची मॅच असली की त्या दिवशी लग्नाची तारीखही धरत नाहीत. मी लहान असताना, बाबा खेळत नसले की, त्यांच्या खांद्यावर बसून मॅच बघायचो. समोरच्या भिंतीवर, झाडावर, टाकीवर माणसंच माणसं. मला मॅच आठवत नाही. बाबांच्या डोक्याचा घामट तेलकट वास आठवतो आणि ते ओरडले की माझ्या मांड्यांना जाणवणारा कंप.

"बाबा," मी विचारलं, "आपली तालीम कुणी उचलून पुण्याला नेली तर?"

"कोण नेतोय?"

"समजा ना."

"समजाच कशाला? नेऊन दाखव म्हणावं!" बाबा हसले. "आरं तालीम म्हंजे काय फ्रीज हाय व्हय, उचलला आन ठेवला?" मग सिग्नलला थांबल्यावर म्हणाले, "पोरं नेतील. कप नेतील. पर पेठ कशी नेणार?"

मी ते घरी जाऊन लिहून काढलं. प्रोफेसरबाईंच्या प्रश्नाला मला मिळालेलं ते पहिलं उत्तर.

पार्ककाकांच्या गावानंही जवळजवळ तेच म्हटलं. टीम गेल्यावर काही लोक शनिवारी रिकाम्या मैदानात येऊन बसायचे. ढोल आणायचे. समोर गवत वाढलेलं, गोलपोस्टला जाळी नाही, आणि हे नव्वद मिनिटं ढोल वाजवून घरी जायचे. हे मी जितक्यांदा सांगितलं तितक्यांदा ऐकणारा हसला. मीही आधी हसलो होतो. ढोल वाजवणाऱ्यांनी मग नगरपालिकेत चकरा मारल्या. नगरसेवक बदलले, ढोल तेच राहिले. शेवटी बऱ्याच वर्षांनी गावानं स्वतःचा क्लब काढला. कंपनी नाही, गावच मालक. रंग तोच हळदीचा. सुरुवात मात्र खालच्या लीगमध्ये, अगदी तळातून; तिथं जिंकलं तरच पुढच्या वर्षी वरच्या लीगमध्ये जाता येतं. पार्ककाका इथून सभासद झाले. नोंदींच्या पुस्तकात जुना कप त्या दुसऱ्या टीमच्या नावावर आहे. या क्लबच्या नावापुढं काहीच नाही. "आम्ही म्हातारे आहोत आणि आमचा क्लब लहान मूल आहे," ते म्हणाले.

मागच्या मोसमात ते लहान मूल जिंकायला लागलं.

मे महिन्यापर्यंत मलाही त्याची चटक लागली होती. आता विचार केला तर वाटतं, मी क्लबच्या नव्हे, कुतूहलाच्या नादी लागलो होतो. त्या गावात पाऊस कधी पडतो? फाटक अजून तिथंच आहे का? उशा आणणाऱ्या बायका कुठं असतील? टीव्हीत कॅमेरा प्रेक्षकांवरून फिरला की मी पेन खाली ठेवून बघायचो. एकदा एक म्हातारी दिसली, पिवळा रेनकोट घातलेली, मांडीवर उशी. मी ओरडलो, "काका, उशी!" पार्ककाका प्रेस सोडून धावत आले, तोवर कॅमेरा पुढं गेला होता. आम्ही मॅच मागं नेली आणि त्या म्हातारीला पुन्हा पाहिलं. "ओळखत नाही," ते म्हणाले. मग म्हणाले, "पण ओळखत असेन."

जूनमध्ये आईनं गाडीत बसता बसता सांगितलं, "पार्कसाहेबांच्या गावाहून कुणाचा तरी फोन आला होता. त्यांचा भाऊ अजून बसच चालवतो म्हणे त्या टीमची. पुढच्या वर्षीच्या शेवटी रिटायर होणार."

"मग?"

"मग काय! यंदा यांची टीम वर गेली, तर पुढच्या वर्षी ती टीम यांच्या गावात खेळायला येणार. बस घेऊन तो येणार. नाही गेली तर नाही येणार. नंतर तो बसवर नसेल." आईनं पट्टा लावला. "भावाबद्दल पार्कसाहेबांनी आणखी काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, यंदा वर जायला पाहिजे."

दुसऱ्या शनिवारी मी धीर करून विचारलं, "काका, तुम्ही त्यांना नुसता फोन का करत नाही?"

त्यांनी शर्टाची कॉलर नीट केली. "फोनवर आधी बोलावं लागतं," ते म्हणाले. "काय बोलू? तो काय बोलेल? मी तिकडं गेलो, तर मैदानावर बोलावं लागत नाही. दोघं शेजारी उभे राहिलो, की मॅच असते."

मला वाटतं हे खरं आहे. बाबा आणि मीही घरी फारसं बोलत नाही. गाडीत बोलतो, कारण दोघांनाही समोरचा रस्ता बघायचा असतो.

जुलैत भांडण झालं. बाबा शनिवारी माल टाकून झाल्यावर दुकानात डोकावायचे. त्या दिवशी मॅच संपली होती, टीम जिंकली होती, आणि बाबा खुशीत होते. त्यांचं इंग्रजी मोडकं आहे पण त्यांना त्याची फिकीर नसते. ते म्हणाले, "पार्कदादा, एक विचारू? रागवायचं नाही. ड्रायव्हरचं काय चुकलं?"

आईनं मशीन थांबवली.

"टीम मालकानं हलवली," बाबा म्हणाले. "तो ड्रायव्हर. मी पण ड्रायव्हर. मला सांगितलं एव्हरेटला जा, मी एव्हरेटला जातो. घरी बायको-पोर हाय."

पार्ककाका हळू आवाजात म्हणाले, "तो खाली उतरू शकत होता."

"आन मग? दुसऱ्यानं चालवली असती."

"दुसऱ्यानं चालवली असती," पार्ककाका म्हणाले, "तर मी दुसऱ्याशी बोललो नसतो."

बाबांनी व्हॅनची किल्ली उचलली. ते बाहेर गेले. मग बरेच शनिवार आले नाहीत. आई घरी म्हणायची, "कशाला तोंड घातलंत?" बाबा म्हणायचे, "खरं तेच बोललो." आणि मला दोघांचंही खरं वाटायचं, बाबांचंही आणि पार्ककाकांचंही. त्यामुळे मी पेपरमध्ये तो परिच्छेद चार प्रकारे लिहिला आणि शेवटी खोडला.

ऑगस्टमध्ये जंगलांच्या आगीचा धूर आला, सूर्य गाजराच्या रंगाचा झाला, आणि दुकानाची दारं बंद ठेवावी लागली. वाफ आणि धूर आत कोंडलेले. त्या दिवसांत टीम हरत होती. तेव्हा एक दिवस दार ढकलून बाबा आले, हातात समोशांची पिशवी. त्यांनी ती काउंटरवर ठेवली. पार्ककाकांनी एक समोसा घेतला. "गरम आहे," ते म्हणाले. एवढ्यावर मिटलं.

मात्र त्यातून एक नवीच पंचाईत झाली. बाबांच्यानं राहवायचं नाही. माल टाकता टाकता ते फोनवर निकाल बघायचे आणि टीम हरलेली असली की पार्ककाकांसाठी वाईट वाटून समोसे घेऊन यायचे. त्यांना वाटायचं आपला चेहरा कोरा आहे. दोन-तीन वेळा झाल्यावर पार्ककाकांच्या लक्षात आलं. बाबांची व्हॅन पार्किंगमध्ये वळली की ते खिडकीतून हातातली पिशवी शोधायचे. "तुझे वडील समोसे आणतायत," ते मला उदास होऊन सांगायचे, मॅचची अजून वीस मिनिटंही झालेली नसायची. बाबांना हे सांगायची हिंमत कुणालाच झाली नाही. आईसुद्धा म्हणाली, "राहू दे. इतक्या मायेनं आणतात."

ऑक्टोबरात पानं पडली आणि टीम पुन्हा जिंकायला लागली. पहिला नंबर हुकला, म्हणजे थेट वर जाणं गेलं. पण तक्त्यातल्या वरच्या काही टीममध्ये आपसांत लढती होतात, त्या जिंकल्या तर अजून वाट होती. मला लीगचा तक्ता पाठ झाला होता. खालच्या लीगचा तक्ता, वरपासून. रोज सकाळी बसमध्ये तो उघडून बघायचो आणि आमच्या पिवळ्या रेघेपासून वर बोट न्यायचो. वरच्या लीगचा तक्ता शेजारीच होता. तो मी कधी उघडला नाही. ज्या टीमचं नाव घ्यायचं नाही ती त्यात होती, आणि पार्ककाकांच्या नियमाची मला इतकी सवय झाली होती की एकटा असतानाही मी तो पाळायचो. बाबाही पाळायचे.

नोव्हेंबरच्या शेवटी ती लढत आली. थँक्सगिव्हिंगनंतरचा शनिवार. आई मुद्दाम हळदीच्या रंगाची साडी नेसून आली होती, स्वेटरवरून. पार्ककाकांनी त्या दिवशी शर्ट केले नाहीत. ते खुर्चीवर बसले, हात मांडीवर ठेवून. मी त्यांना दुकानात बसलेलं पहिल्यांदाच पाहत होतो.

पहिल्या अर्ध्यात गोल झाला नाही. बाहेर व्हॅन आली. मी खिडकीतून पाहिलं आणि मान खाली घातली. पार्ककाकांनीही पाहिलं.

बाबांच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या.

ते आत आले, काउंटरवर पिशव्या ठेवल्या, चेहरा अगदी दगडासारखा करून म्हणाले, "किती झाले? शून्य-शून्य? वा!" आई साडीच्या पदराशी चाळा करत राहिली. मला वाटलं पार्ककाका टीव्ही बंद करतील. त्यांनी बाबांना शेजारची खुर्ची दाखवली. मग आम्ही चौघांनी बसून शेवटपर्यंत ती मॅच पाहिली, जी आम्हाला सगळ्यांना माहीत होती. दुसऱ्या अर्ध्यात आमच्या एका पोरानं गोलपोस्टच्या आतल्या बाजूला चेंडू मारला आणि तो बाहेर आला. पार्ककाका तेव्हाही खुर्चीतून उठले. मला आजही नवल वाटतं. माहीत असूनही उठले.

शेवटी समोरच्या टीमचा एक गोल झाला. संपलं.

"पुढच्या वर्षी, पार्कदादा," बाबा म्हणाले.

"पुढच्या वर्षी वर जाऊ," पार्ककाका म्हणाले. "त्याच्या पुढच्या वर्षी ते आमच्याकडे येतील. बस दुसरा कुणी आणेल." त्यांनी टीव्ही बंद केला आणि प्रेस सुरू केली.

त्यानंतर माझ्या परीक्षा आल्या. मी तक्ता उघडला नाही. आमचा मोसम संपला होता ना, मग बघायचं काय? क्लबवरचा पेपर मी दिला. शेवटी लिहिलं की क्लब म्हणजे पेठ, म्हणजे जे ढोल घेऊन मागं राहतात ते. प्रोफेसरबाईंनी चांगले मार्क दिले आणि कडेला लिहिलं, "आणि जे गेले त्यांचं काय?" त्या फार प्रश्न विचारतात.

मी अजून त्याचं उत्तर शोधतो आहे. आम्ही स्वतःही गेलेलेच आहोत. कोल्हापुरात आमच्या पेठेत बाबांच्या जागी दुसरा गोलकीपर उभा राहिला असेल, आणि भिंतीवर बसून कुणी म्हणालं असेल, गेला बघ अमेरिकेला. बाबा त्यावर कधी बोलत नाहीत. जुलैत पार्ककाकांशी भांडले तेव्हा ते फक्त त्या ड्रायव्हरबद्दल बोलत होते असं मला आता वाटत नाही.

डिसेंबरातल्या एका शनिवारी मी आईला आणायला गेलो. दुपारचे चार वाजले होते, इथं तेव्हा दिवे लावावे लागतात. खिडकीत आई एका लेहेंग्याची किनार शिवत होती. बाबाही आले होते, पाऊस थांबायची वाट बघत दारात उभे. दुकानाचा फोन वाजला. पार्ककाकांनी उचलला, नेहमीप्रमाणे दुकानाचं नाव सांगितलं, आणि हातातली पावती खाली ठेवली.

पलीकडून कुणीतरी बोलत होतं. मला दुरून नुसता आवाज ऐकू येत होता, म्हातारा, घाईघाईनं बोलणारा. पार्ककाकांनी कोरियनमध्ये एक शब्द उच्चारला. मग ऐकत राहिले. त्यांचा मोकळा हात काउंटरवर होता, तो त्यांनी उचलला आणि परत ठेवला. कपड्यांची रेल फिरत होती, ती बंद करायला ते विसरले. प्लॅस्टिकमधले कोट एकामागून एक त्यांच्या मागून जात होते. आईनं शिवण थांबवली. एका क्षणी ते हसले, मोठ्यानं, आणि लगेच तोंडावर हात धरला. मग खूप वेळ काही बोलले नाहीत, पण फोनही ठेवला नाही. पलीकडचाही बोलत नव्हता. पाऊस तेवढा ऐकू येत होता.

फोन ठेवल्यावर ते आमच्याकडे वळले.

"कोण होतं, पार्कसाहेब?" आईनं विचारलं.

"माझा भाऊ."

बाबा दारातून आत आले.

"त्यांची टीम शेवटची आली," पार्ककाका म्हणाले. शब्द एकेक करून, जणू त्यांनाच पहिल्यांदा ऐकू येत होते. "वरच्या लीगमध्ये. एकदम शेवटची. आम्ही कुणी बघितलंच नाही. ते खाली आमच्या लीगमध्ये आले. पुढच्या वर्षी आमच्या गावात खेळायला येणार, आणि बस तो आणतोय."